भांड्याला भांडं लागतं, तेव्हा गावानं काय करावं?

पाड्यावर रात्री आवाज लपत नाही. कुडाच्या भिंतीपलीकडे पातेलं आपटलं की चार घरांना कळतं. मग पोर रडतं, बाई एकदा किंचाळते आणि पुढे काहीच ऐकू येत नाही. शेजारची बाई जागीच असते. ती उठून बसते, दाराकडे बघते. तेवढ्यात अंधारातून नवऱ्याचा आवाज येतो, "झोप. नवरा-बायकोचं आहे, भांड्याला भांडं लागायचंच." ती पुन्हा आडवी होते. सकाळी हापशावर दोघी भेटतात. एकीचा गाल सुजलेला असतो. दुसरी तिचा हंडा उचलून तिच्या डोक्यावर ठेवते. रात्रीबद्दल दोघीही बोलत नाहीत.

हा लेख त्या शेजारणीसाठी आहे. तिच्याबरोबर सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेतले शिक्षक आणि गावातल्या तरुण पोरांसाठीही आहे. मार खाणारीनं काय करावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तिच्या आजूबाजूच्या पन्नास माणसांनी काय करावं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

हे सांगणं का गरजेचं आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) दिसतं. महाराष्ट्रात 18 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी साधारण चौथीनं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभर बायकांपैकी 77 जणींनी कुणाकडे मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. मदत मागणाऱ्या फक्त 14 होत्या. म्हणजे गाव 'तिनं तक्रार केली तर बघू' म्हणत बसलं, तर बहुतेक वेळा ती तक्रार येणारच नाही. पहिलं पाऊल गावालाच उचलावं लागतं.

शहाद्याच्या बायकांनी घालून दिलेला धडा

हे पाऊल उचलायला आपल्या नंदुरबार जिल्ह्यानं बाहेर कुणाकडे बघायची गरज नाही. 30 जानेवारी 1972 रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. तेव्हा हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी वेगळा झाला. सावकारांनी बळकावलेल्या जमिनी, सालदारांची पिळवणूक, दुष्काळ, मजुरी अशा प्रश्नांवर आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सोबत्यांनी भिल्ल शेतमजुरांना उभं केलं आणि श्रमिक संघटना आकाराला आली. मोर्च्यांत बायका पुढे होत्या, घोषणा देण्यात तर सर्वांत पुढे.

शिबिरांत बायका एकत्र बसू लागल्या, तसा जमिनीच्या प्रश्नाच्या आत दडलेला दुसरा प्रश्न बाहेर आला. मजुरी दारूत जाते आणि दारू पोटात गेली की घरी मार बसतो. मग बायका गटागटानं निघाल्या. दारूच्या अड्ड्यावर जाऊन त्यांनी मडकी फोडली. एका गावच्या बायका दुसऱ्या गावच्या बायकांना बोलावू लागल्या. कुणाच्या नवऱ्यानं मारलं असं कळलं की साऱ्याजणी त्याच्या दारात जाऊन उभ्या राहत, सर्वांसमक्ष त्याला जाब विचारत आणि बायकोची माफी मागायला लावत. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी 1976 मध्ये या चळवळीवर लिहिलं, तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या या बायकांचं काम परदेशातल्या वाचकांपर्यंत पोहोचलं. देशात घरगुती हिंसाचाराचा कायदा आला 2005 साली. शहाद्याच्या बायका त्याच्या तीस वर्षं आधी हे करत होत्या.

त्यांच्याकडून जसंच्या तसं काय घ्यायचं आणि काय बदलायचं, हे नीट समजून घेऊ. घ्यायचं ते असं की बायका एकट्यादुकट्या न जाता एकत्र गेल्या, ताबडतोब गेल्या आणि घरातली मारहाण हा गावाचा प्रश्न आहे असं त्यांनी उघड म्हटलं. बदलायचं ते नवऱ्याला चारचौघांत हात लावणं किंवा त्याची धिंड काढणं. त्या काळी त्यांच्या हाताशी कायदा नव्हता, आज आहे. शिवाय गट घरी परतल्यावर त्या अपमानाचा राग रात्री बाईवरच निघतो. आजच्या गटाची ताकद माणसांच्या संख्येत आणि कायद्याच्या माहितीत असायला हवी.

आधी पाचजणी, मग वही

गट मोठा नको. दर पाड्याला पाच बायका पुरे. त्यात एक आशाताई किंवा अंगणवाडी सेविका असावी, एक अशी वयस्क बाई असावी जिच्या शब्दाला सगळे मान देतात, एक बचत गटातली असावी आणि एक अशी, जिला पावरी किंवा भिली बोलीही येते आणि मराठी लिहिता-वाचताही येतं. पाचवी तरुण सून असेल तर उत्तम, कारण नव्या सुना सासूच्या वयाच्या बाईला मन उघडून सांगत नाहीत. दोन-तीन समंजस पुरुष पाठीशी असावेत. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे, म्हणजे 'उमेद'चे ग्रामसंघ आणि महिला आर्थिक विकास महामंडळाचे, म्हणजे माविमचे बचत गट बऱ्याच गावांत आहेत. 2022 पासून दरवर्षी 25 नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या 'नई चेतना' मोहिमेत हे गट हिंसेविरुद्ध बोलतातच. ते बोलणं वर्षभराचं काम व्हावं, एवढंच करायचं आहे.

गटाच्या पहिल्या बैठकीत एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर नंबर ठळक लिहा: तातडीच्या मदतीसाठी 112, महिला मदतवाहिनी 181, रुग्णवाहिका 108, मुलांसाठी 1098, मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100. त्याखाली तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा, पोलीस ठाण्याचा आणि जिल्ह्याच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरचा नंबर लिहा. हे नंबर पंचायत समितीत किंवा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन स्वतः विचारून घ्या आणि एकदा लावून बघा.

दुसऱ्या पानावर आपल्या पाड्याचा नकाशा काढा. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात फोनला रेंज सगळीकडे मिळत नाही. कोणत्या टेकाडावर, कोणत्या झाडाखाली रेंज येते, तिथे खूण करा. रात्री गाडी कोण काढेल, त्या दोन-तीन जणांची नावं लिहा. नर्मदाकाठच्या गावांत होडी कुणाची, तेही लिहा. मग अशी दोन घरं ठरवा, जिथे मध्यरात्रीही बाई पोरांसकट येऊ शकेल. ती घरं फक्त पाचजणींना माहीत असावीत.

त्या रात्री काय करायचं

आवाज आला. आता?

एकटं जाऊ नका, निदान तिघी-चौघी जा. सरळ 'का मारतोस रे' म्हणत आत शिरू नका. दारूच्या नशेतल्या माणसाशी त्या क्षणी वाद घालून काही साधत नाही. बाहेरून हाक मारा, आणि ती तिच्या नावानं: "अगं, पोराला ताप आलाय, जरा येतेस का?" किंवा "दिवा विझलाय, काडेपेटी दे." निमित्त किती का साधं असेना, बाहेर माणसं जागी आहेत हे आत कळतं. तेवढ्यानंही पुष्कळदा हात थांबतो. थांबला नाही, कोयता-कुऱ्हाड हातात दिसली किंवा आतून आवाज येणं बंद झालं, तर लगेच 112 लावा. त्यासाठी एकजण रेंजच्या जागी धावेल, हे आधीच ठरलेलं असावं.

ती बाहेर आली की तिला आणि पोरांना ठरलेल्या घरी न्या. पाणी द्या. मग एकाच बाईनं, बाकीच्यांपासून दूर बसून, हळू विचारावं, "आज रात्री परत जायला भीती वाटते का?" पुढचं सगळं तिच्या उत्तरावर ठरतं. तिला सांगायचे शब्द थोडेच आहेत. तुझी चूक नाही. तू सांगितलंस ते आमच्यापाशीच राहील. पुढे काय करायचं ते तू ठरव, आम्ही सोबत आहोत. आणि काही शब्द ओठांवर येऊ द्यायचे नाहीत. तू काय केलंस म्हणून त्यानं मारलं? पोरांकडे बघून सहन कर. बाईच्या जातीला हे असायचंच. या तीन वाक्यांनी आजवर जितकी तोंडं बंद केली, तितकी कुठल्याच धमकीनं केली नसतील.

काही खुणा दिसल्या तर सकाळची वाट बघू नका. त्यानं गळा दाबला असेल, मग वर व्रण दिसो न दिसो. ती गरोदर असताना मारलं असेल. 'मारून टाकीन' किंवा 'जाळून टाकीन' असं म्हटलं असेल. हत्यार दाखवलं असेल. मारहाण आधीपेक्षा वारंवार होऊ लागली असेल. किंवा ती घर सोडून जाणार असल्याचा त्याला सुगावा लागला असेल. गळा दाबल्यावर आतली सूज काही तासांनी वाढू शकते, म्हणून त्या रात्रीच दवाखाना गाठा. 'मला आता जगायचं नाही' असं ती म्हणाली, तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका.

दवाखान्यात बहुतेक बायका 'चुलीपाशी घसरले' असं सांगतात. सोबत गेलेल्या बाईनं वाटेत समजावावं की डॉक्टरला खरं सांग, कागदावर खरं लिहिलं तर उद्या तोच कागद पुरावा होतो. कायद्यानुसार तपासणी आणि उपचार पोलिसांच्या कागदाशिवायही मिळतात. बलात्कार झाला असेल तर उपचार नाकारता येत नाहीत आणि त्याचे पैसेही घेता येत नाहीत. अशा वेळी आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, ते कागदात गुंडाळून सोबत न्यावेत आणि शक्य तितक्या लवकर पोहोचावं. उशीर झाला असला तरी जावंच. मुलगी 18 वर्षांखालची असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. तिथे गावाला निवड नाही.

वहीत काय लिहायचं

एक नोंद कशी असावी, ते बघा. तारीख. वेळ, म्हणजे 'रात्री जेवणानंतर, साधारण नऊ'. काय झालं: 'चुलीतलं लाकूड डाव्या दंडावर मारलं, केस धरून ओढलं.' कुणी पाहिलं किंवा ऐकलं. जखम कुठे, रंग कसा. दवाखाना कोणता, चिठ्ठीचा नंबर काय. शेवटी बाईचे शब्द, तिच्या बोलीत, जसेच्या तसे.

नोंदीत 'नेहमीप्रमाणे भांडण झालं' असं लिहू नका. त्या वाक्यातून न्यायालयाला काहीच कळत नाही. वही एकीकडेच असावी, कुलुपात. बाईच्या संमतीशिवाय ती पंचांना, पाहुण्यांना, अगदी तिच्या भावालाही दाखवू नये.

त्याचबरोबर, तिची कागदपत्रं किंवा त्यांच्या प्रती आधीच एखाद्या विश्वासाच्या घरी ठेवा: आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, जातीचा दाखला, पोरांचे जन्मदाखले. वनहक्काचा पट्टा असेल तर त्याची प्रत हवीच. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहित जोडप्याचा पट्टा दोघांच्या नावावर असतो. 'जमीन माझी आहे, निघ' असं तो म्हणाला, तर हा कागद काढून दाखवता येतो.

कायद्याची वाट, पायरी पायरीनं

2005 चा घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. तो प्रत्येक बाईसाठी आहे, आदिवासी बाईसाठीही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण 'तुमचं लग्न रीतिरिवाजाचं, तुम्हाला कायदा लागत नाही' असं काहीजण सांगतात. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सरसकट लागू होत नाही, हे खरं. पण हिंसाचाराचा कायदा वेगळा आहे. तो लग्नासारख्या नात्यानं एकत्र राहणाऱ्या बाईलाही संरक्षण देतो. देज, म्हणजे मुलीच्या घरी द्यायची रक्कम, द्यायला पैसे नाहीत म्हणून जोडपं आधी एकत्र नांदतं आणि लग्नाचा विधी मागाहून होतो, अशी घरं सातपुड्यात पुष्कळ आहेत. 'लग्न झालंच नाही' म्हणून अशा बाईला कुणी परत पाठवू लागलं, तर तिथे अडून बसा.

या कायद्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, छळ, लैंगिक जबरदस्ती आणि पैसे अडवणंही हिंसाच धरली आहे. मजुरीचे पैसे हिसकावून घेणं, रेशन विकणं, घरखर्च न देणं हे सगळं त्यात येतं. माहिती द्यायला शेजारीण, आशाताई, शिक्षक, कुणीही चालतं. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होऊ शकत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. ही गोष्ट गावात दहादा सांगा, कारण 'उद्या आपल्यावरच येईल' या भीतीनं लोक गप्प बसतात.

पहिली पायरी संरक्षण अधिकाऱ्याची. तो घटनेचा अहवाल भरतो आणि अर्ज न्यायालयात पोहोचवतो. तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी मारहाणीपासून संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई याबद्दल आदेश देऊ शकतात. तातडी असेल तर समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीही तात्पुरता आदेश मिळतो. घर त्याच्या बापाच्या नावावर असलं तरी बाईला तिथून हाकलता येत नाही. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

दुसरी वाट पोलीस ठाण्याची. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं कलम 498-अ आता तिच्या कलम 85 मध्ये आहे: नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ही तक्रार स्वतः बाईनं किंवा तिच्या नातेवाईकानं द्यायची असते, म्हणून माहेरचं एक माणूस सोबत असावं. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली असली तरी जवळच्या ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते. तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

भाषेची अडचण छोटी समजू नका. बाई पावरीत सांगते, लिहिणारा मराठीत लिहितो आणि मधल्या मध्ये 'गळा दाबला'चं 'धक्काबुक्की केली' होऊन जातं. दोन्ही भाषा येणारी बाई सोबत ठेवा. लिहिलेलं मोठ्यानं वाचून घ्या, तिला तिच्या बोलीत समजावून सांगा आणि मगच अंगठा द्या. वकिलाच्या पैशांची काळजी करू नका. प्रत्येक बाईला आणि अनुसूचित जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न न बघता, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

पंच बसले तर

आपल्याकडे प्रकरण पंचांपुढे जाणारच. पंच, कारभारी, पोलीस पाटील आणि तंटामुक्ती समिती यांना गावात मान आहे, त्यांना वगळून काम होत नाही. पण त्यांची बैठक कशी व्हावी, हे गाव ठरवू शकतं.

पुष्कळ ठिकाणी काय होतं? बाई अंगणाच्या कडेला पदर ओढून बसते. बोलतात ते पुरुष. दोन तासांनी नवऱ्याला दंड होतो, ते पैसे पंचांकडे जातात, कधी त्याच रात्री त्याची दारूही होते आणि बाईला सांगतात, 'जा आता नांदायला.' तिच्या हाती काही येत नाही. महिन्याभरात पुन्हा तेच सुरू होतं.

म्हणून गटानं पंचांकडे पाच गोष्टींचा आग्रह धरावा. बैठकीत निम्म्या बायका असाव्यात. बाईला आधी वेगळं विचारावं, नवऱ्यासमोर नव्हे. 'परत जा' असा निर्णय तिच्यावर लादू नये. दंडाऐवजी तिचा दवाखान्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च थेट तिच्या हातात द्यावा. आणि जे ठरलं ते लिहून घ्यावं, कायद्याकडे जाण्याचा तिचा हक्क कायम आहे या वाक्यासह. त्यानंतर गटातल्या दोघींनी आठव्या दिवशी, महिन्यानं आणि तीन महिन्यांनी तिच्या घरी चक्कर मारावी. समझोता टिकला की नाही, ते या चकरांतच कळतं.

बलात्कार, मुलीवरचा अत्याचार, जाळण्याचा किंवा मारून टाकण्याचा प्रयत्न ही प्रकरणं पंचांपुढे घ्यायचीच नाहीत. बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोडीला जागा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि 'पोलिसांत गेलीस तर वाळीत टाकू' अशी धमकी आली, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. हे पंचांना शांतपणे, बैठकीआधीच सांगून ठेवावं.

ग्रामसभेच्या हातातलं बळ

नंदुरबारमधली बहुतेक गावं आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली येतात. इथे पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते आणि दारूबंदीचा किंवा दारूवर नियंत्रणाचा अधिकार या कायद्यानं ग्रामसभेला दिला आहे. मोहाची दारू देवाला आणि सणाला लागते. तिला सरसकट शत्रू ठरवलं तर वडीलधारी मंडळी दुखावतात आणि साथ तुटते. म्हणून पूजेची दारू आणि विक्रीची दारू यात रेघ ओढा. अड्डा बंद, बाहेरून येणारी बाटली बंद, मजुरीवाटपाच्या आणि बाजाराच्या दिवशी विक्री बंद, असे ठराव टिकतात. दारू हे हिंसेचं एकमेव कारण नाही. न पिणाऱ्यांच्या घरातही बायका मार खातात. पण सुरुवातीला सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, वारंवार दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांमध्ये हिंसेचं प्रमाण 70 टक्के आणि न पिणाऱ्यांच्या बायकांमध्ये 23 टक्के आढळलं. एवढा फरक गावानं डोळ्याआड करू नये.

ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद आहेच. तिचा उपयोग करा, आणि हा ठराव तिथे मांडा: 'आमच्या गावात बाईवर हात उचलणं हा गावाचा अपमान समजला जाईल. माहिती देणाऱ्याच्या पाठीशी ग्रामसभा उभी राहील. कोणत्याही बाईला डाकीण म्हटलं जाणार नाही.'

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. सातपुड्यात एखाद्या घरात आजार आला, गुरं मेली, की पाय भगताकडे वळतात आणि भगताचं बोट वळतं एखाद्या विधवेकडे किंवा एकट्या बाईकडे. पुष्कळदा त्यामागे तिच्या वाट्याची जमीन असते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बाईला असं डाकीण ठरवण्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून 50 हजारांपर्यंत दंड आहे. कुजबूज सुरू झाली की त्याच दिवशी त्या बाईच्या घरी जाऊन बसा, तिच्या हातचा चहा प्या. त्याच वेळी पोलीस पाटलाला कळवा. कुजबूज वाढून जमाव जमला, की पाचजणींच्या हाती काही उरत नाही.

ऊसतोडीला जाताना

दिवाळीनंतर पाडे ओस पडतात. ऊसतोडीत मजूर मोजतात ते कोयत्यानं, आणि कोयता म्हणजे जोडपं. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते आणि ती फिटेपर्यंत बाई कोपीतून, म्हणजे तळावरच्या झोपडीतून हलू शकत नाही. तिथे शेजारीणही अनोळखी असते.

निघण्याआधी गटानं चार कामं करावीत. कोण कुठे, कोणत्या मुकादमाबरोबर गेलं ते वहीत लिहावं. एकाच तळावर राहणाऱ्या दोघी-तिघींची जोडी लावून द्यावी. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी फोन करायचं ठरवावं, आणि 'कोंबडी आजारी आहे' यासारखं एखादं खुणेचं वाक्यही. 181 हा नंबर कामासाठी गुजरातला गेल्यावरही चालतो, तिथे ती सेवा 'अभयम' नावानं ओळखतात, हे प्रत्येकीला सांगावं. बाई जिथे तात्पुरती राहते किंवा कामाला आहे, तिथल्या न्यायालयातही तिला दाद मागता येते आणि तिथे मिळालेला आदेश सगळ्या देशात चालतो.

पोरांशी कोण बोलणार?

मार देणारा हात बायकांनी थांबवायचा आणि पुरुषांनी बघत राहायचं, असं करून भागणार नाही. युगांडातल्या कंपाला शहरात 'सासा' नावाचं काम झालं. स्वाहिलीत सासा म्हणजे 'आता'. तिथे वस्तीतल्याच साध्या माणसांनी, बायकांनी आणि पुरुषांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सत्तेबद्दल आणि नात्याबद्दल अनेक वर्षं बोलणं चालू ठेवलं. 2014 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे हे काम झालं, तिथे जोडीदाराकडून होणारी शारीरिक मारहाण इतर वस्त्यांपेक्षा 52 टक्के कमी होती. बाहेरच्या तज्ज्ञांच्या भाषणांपेक्षा शेजाऱ्याचं रोजचं बोलणं उपयोगी पडलं.

आपल्याकडे असं बोलणं कुठे होईल? क्रिकेटच्या मैदानाकडेला, भोंगऱ्या बाजाराला जाणाऱ्या जीपमध्ये, होळीच्या ढोलाच्या तयारीत. मित्र म्हणाला की 'दोन ठेवून दिल्या तिला', तर हसू नका. 'बरोबर नाही केलंस' एवढं तरी म्हणा. आश्रमशाळेतल्या सरांनी नववी-दहावीच्या मुलांशी यावर वर्षातून दोनदा तरी बोलावं. आणि घरात, बापानं मुलासमोर स्वतःचं ताट उचलावं. याहामोगी देवीला आई म्हणून हात जोडणाऱ्या समाजात ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही.

या आठवड्यात

सगळं एकदम होणार नाही. येत्या बाजाराच्या दिवसाआधी पाचजणी एका ओट्यावर बसा. एक वही आणा. पहिल्या पानावर 112 आणि 181 लिहा, खाली रेंजची जागा आणि गाडीवाल्याचं नाव लिहा. रात्री ज्यांची दारं उघडी राहतील, ती दोन घरं ठरवा. मग हापशावर जिचा गाल सुजलेला दिसेल, तिच्या डोक्यावर हंडा ठेवताना हळूच सांगा, "रात्री काही झालं तर आमच्याकडे ये. आम्ही जाग्या असतो."